तळ्याकाठी जोडून ठेवलेले बूट

नाही, पण मला सांगा, बोलणं असं अर्धवट टाकून कुणी जातं का? सुरू करायचं तर पुरतं करा, नाहीतर तोंड उघडूच नका. मी त्या गुरुवारी सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेले, साधी पिशवी, दुसरं काही मनात नाही, आणि कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकलेल्या जाळीपाशी आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई, इवात्सुकीसान, तांदूळवालीला सांगतायत, "हाचियासाननी नाव दिलंय हं सहलीला. पण परतीच्या बसमध्ये ते नसणार. त्या तळ्यापाशीच म्हणे ते..." आणि नेमकी कचऱ्याची गाडी आली. आमची गाडी गाणं वाजवत येते ते माहीतच आहे तुम्हाला, लहान मुलाला झोपवायचं असावं तसलं गाणं आणि आवाज मात्र मेलेल्याला उठवेल असा. ते थांबलं तेव्हा शेवटचं एवढंच कानावर आलं, "...एकट्यानं माणूस किती दिवस काढणार हो. सुटले म्हणायचं." दोघींनी माना हलवल्या, मग मी दिसले, तर लगेच, "काय होरीबेसान, हवा छान पडलीय." आणि गेल्या की दोन्ही दिशांना.

हवा छान पडलीय. सुटले म्हणायचं. आता या दोन वाक्यांच्या मध्ये मी काय घालू?

विचारायचं ना मग, असं तुम्ही म्हणाल. कसं विचारणार? विचारलं की कबूल करावं लागतं, मी विजेच्या खांबामागे उभी होते. बरं, आमच्या गल्लीत सरळ विचारायची पद्धतच नाही. कुणाकडे काय चाललंय ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून, दाराबाहेरच्या चपलांवरून, रात्री दिवा किती वाजता जातो त्यावरून समजून घ्यायचं, आणि समोर आलं की हवा छान पडलीय म्हणायचं. पस्तीस वर्षं मी असंच केलंय आणि एकदाही चुकले नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत नव्हते चुकले.

हाचियासान आमच्या भिंतीला भिंत. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर तातामी चटया केल्या त्यांनी, या गल्लीतल्या प्रत्येक घरात तुम्ही पाय ठेवता तो त्यांच्या हातावर. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, फुमिएसान, माझी मैत्रीण. तेव्हापासून त्या घरातून आवाज दोनच. सकाळी साडेसहाला रेडिओवरचा व्यायाम, आणि संध्याकाळी पाचला किटली. बाकी दिवसभर काही नाही. मला काय करायचंय म्हणा, पण भिंत पातळ आहे आणि माझी ओट्याची बाजू नेमकी तीच. किटलीला पाच मिनिटं उशीर झाला तरी माझ्या हातातली सुरी थांबते.

आता ऐका. गुरुवारी मी ते ऐकलं. शुक्रवारी त्यांच्या दारात पेपर पडला नाही. पेपरवाल्या पोरीला धरलं, तर म्हणाली, "बंद करायला सांगितलाय." पुन्हा कधीपासून सुरू? "तसं काही बोलले नाहीत." शनिवारी त्यांनी अंगणातलं पर्सिमनचं झाड छाटलं, तेही असं की दोन-तीन वर्षं हात लावायला नको. आणि रविवारी... रविवारी ते माझ्या दारात आले. हातात फुमिएसानचा कोंड्याचा डबा.

हे नीट समजून घ्या हं. तांदळाचा कोंडा, मीठ, त्यात काकडी-मुळा पुरून ठेवायचा, ते लोणचं सगळ्यांकडेच असतं. पण त्या कोंड्यात रोज हात घालून तो खालवर करावा लागतो. एक दिवस चुकला की वास मारतो, चार दिवस चुकले की मेला. फुमिएसाननी तो लग्नात आईकडून आणलेला, सत्तेचाळीस वर्षं तिचा हात त्यात फिरला. ती गेली त्या रात्री, घर माणसांनी भरलेलं, भिक्षू मंत्र म्हणतायत, आणि हाचियासान उठून आत गेले. मी मागोमाग गेले. तर ओट्याशी उभे राहून काळ्या कोटाची बाही वर सारून कोंडा हलवत होते. असा तो डबा. तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "होरीबेसान, रोज एकदा हात घाला. तुमचा हात गार असतो, फुमिए म्हणायची, गार हात चांगला."

"आणि तुम्ही?" मी म्हटलं.

"मला आता लागणार नाही."

बस. खाली वाकून नमस्कार केला आणि गेले. मी डबा पोटाशी धरून उभी. आता मला सांगा, पेपर बंद, झाड छाटलेलं, बायकोचा कोंडा शेजारणीला, परतीच्या बसमध्ये नसणार, सुटले म्हणायचं. या सगळ्याची बेरीज तुम्ही काय केली असती? माझी तर झोपच उडाली. नवऱ्याला उठवलं. आमचे हे मासेमारीचे वेडे, त्यांच्याशी बोलायचं तर पाण्यातूनच बोलावं लागतं. मी म्हटलं, "अहो, ते डोंगराकडचं तळं आहे ना, लिलीचं, रंगीत माशांचं, ते किती खोल असेल?" तर कुशीवर वळून म्हणतात, "तिथं गळ टाकू देतात का?"

सहलीचं खरं म्हणजे मी ठरवलंच नव्हतं. दर वर्षी मेच्या शेवटी गल्लीची बस जाते आणि दर वर्षी मला बस लागते. पण सोमवारी सकाळी मी जाऊन नाव दिलं. इवात्सुकीसान चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही? तुम्हाला बस लागते ना?" मी म्हटलं, "फुलं बघायचीयत." "फुलं," त्या म्हणाल्या, आणि यादीत अठ्ठाविसावं नाव लिहिलं.

बसमध्ये जागा ठरलेल्या असतात. मी तांदूळवालीला म्हटलं, मला पुढं बसावं लागतं, उलटी होते. उलटीचं नाव काढलं की बसमध्ये कुणीही जागा देतं. तर मी तिच्या जागी, हाचियासानच्या शेजारी जाऊन बसले. आणि बघते तर काय, अंगात कोट. पायात ते काळे बूट, फुमिएसानच्या अंत्यविधीचे, पॉलिश केलेले, असे की त्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो बरा दिसत नव्हता. मांडीवर भलीमोठी पिशवी. गाईड बाई आली, गोड आवाजात म्हणाली, "वर ठेवून देते हं." हाचियासाननी पिशवी घट्ट धरली. "नको. जवळच असू दे."

काय असेल त्यात? मला काय करायचंय म्हणा, पण वळणावर बस कलली आणि माझं कोपर आपोआप त्या पिशवीवर गेलं. जड. गार. रबरासारखं काहीतरी. कोपर मी तिथंच राहू दिलं पुढच्या वळणापर्यंत, पण जास्त काही कळेना.

मागे तोवर सगळ्यांनी बिअरचे डबे फोडलेले, सकाळचे पावणेनऊ, माईक फिरायला लागला, एकेक जण उठून गातोय आणि सगळी गाणी बंदरावर निरोप घ्यायची. मी मनात म्हणतेय, जरा आनंदाचं गा रे कुणीतरी. गाईडनं मध्येच माईक घेतला, "मंडळी, तळ्यापाशी आपण साडेदहाला पोहोचू, चाळीस मिनिटं थांबू. लिली दुपारच्या आतच मिटायला लागते, तेव्हा आधी फुलं आणि मग खाणं." तर माझ्या शेजारी हे हळूच, स्वतःशीच, "चाळीस मिनिटं. पुरेत."

पुरेत! कशाला पुरेत?

मी म्हटलं बोलतं करावं. सरळ नाही, आडून. "हाचियासान, पुढच्या महिन्यात गटार सफाई आहे, आपली दोन घरं एकत्रच करतो ना?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्हाला एकटीलाच करावी लागेल. माफ करा हं." मी म्हटलं, "आणि शरदात पर्सिमन उतरवायला..." "तुम्हीच घ्या सगळी."  बाहेर भाताची खाचरं, नुकतं पाणी भरलेलं, आभाळ उलटं पडलेलं त्यात. मग म्हणाले, "दोन वर्षं विचार करत होतो, होरीबेसान. करू की नको, करू की नको. शेवटी ठरवून टाकलं. एकदा ठरलं की हलकं वाटतं माणसाला."

  नाश्त्याचे डबे वाटले, त्यांनी आपल्यातलं कोळंबीचं भजं उचलून माझ्या भातावर ठेवलं. "मला आज घास जायचा नाही." ते भजं मी नऊ किलोमीटर चघळत होते.

वाटेत बस पंधरा मिनिटं थांबली तेव्हा मी प्रसाधनगृहामागून घरी फोन लावला. "अहो, ऐका, हाचियासानचं काही खरं नाही. मी काय करू?" हे म्हणाले, "पोलिसांना सांग." मी म्हटलं, "काय सांगू? एक म्हातारा चांगले बूट घालून फुलं बघायला चाललाय?" जरा वेळ फोनवर नुसती गळाच्या रिळाची किरकिर. मग म्हणाले, "मग नजर ठेव. ते तुला येतं."

टोमणा होता की कौतुक, विचार करायला वेळ नव्हता.

पोहोचलो. देवळाच्या दगडी पायऱ्यांखाली ते तळं. आमच्यातले सगळे एकदम, "एवढंसंच?" खरंच एवढंसं, दोन बस शेजारी उभ्या केल्या तर संपेल. पण जवळ जाऊन बघा. डोंगरातला झरा आत येतो, त्यामुळे पाणी आहे की नाही तेच कळत नाही. लिली हवेत ठेवल्यासारख्या, पांढऱ्या, गुलाबी, एखादी पिवळी, आणि खालून कोई मासे जातायत ते कुणी दोऱ्यानं टांगून हलवतंय असे. पाणी इतकं नितळ की तळ हाताशी आलाय असं वाटावं किंवा पाच पुरुष खाली असावा असंही वाटावं. मला तर पाच पुरुषच वाटला. एक पांढरा मासा आहे म्हणे, डोक्यावर लाल ठिपका, तो दिसला की वर्ष चांगलं जातं. शंभरेक माणसं हातात फोन धरून त्या ठिपक्याच्या मागे गोल गोल फिरत होती. मी एका कोटाच्या मागे.

तो कोट काही मासे बघत नव्हता. काठानं सावकाश चालत होता, मध्येच वाकून पाण्यात बोट घालून बघत होता. पलीकडे चहाची टपरी, तिथं एक बाई भाताच्या चपट्या गोळ्यांना अक्रोडाचा मिसो, म्हणजे सोयाबीनचा खारट लगदा, लावून निखाऱ्यावर भाजत होती, शेजारी घडीच्या खुर्च्यांवर तीन म्हातारे हाताची घडी घालून बसलेले. मी म्हटलं, त्या तिघांना जाऊन सांगावं, मदतीला या. पण अनोळखी माणसांना काय सांगणार? आणि तेवढ्यात मागून इवात्सुकीसान. "होरीबेसान, ग्रुप फोटो. चला, सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."

आता ग्रुप फोटोला नाही म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्माला आलेला नाही. मी म्हटलं, "हाचियासान नाहीत यात." त्या म्हणाल्या, "त्यांना असू दे. त्यांचं त्यांना करू दे."

करू दे? हिला सगळं ठाऊक आहे आणि ही म्हणते करू दे?

मला मधल्या ओळीत कोंबलं. डावीकडे तांदूळवाली, उजवीकडे भिंतीसारखा मच्छीवाला. गाईड म्हणते, "हसा." क्लिक. "अरेरे, मागच्या आजोबांनी डोळे मिटले. पुन्हा." क्लिक. "टोपीवाल्या बाई, जरा इकडे बघा ना." टोपीवाली म्हणजे मी. मी बघत होते तळ्याच्या टोकाकडे, जिथं बांबूची सावली आहे, आणि तिकडे कोट दिसेनासा झालेला. क्लिक. "पुन्हा एकदा, टोपीवाल्या बाई हसल्या नाहीत." तुम्हाला सांगते, त्या फोटोत मी जशी हसलेय तसं कुणी हसू नये.

चौथ्या क्लिकला मी ओळ मोडून निघाले. गर्दीतून माफ करा, माफ करा करत, कुणाच्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला पाय लागला, कुणाचा गोळा मिसोसकट माझ्या बाहीला चिकटला, तशीच बांबूपाशी पोहोचले. 

काठावर बूट.

काळे, पॉलिश केलेले, एकमेकांना लावून, टोकं पाण्याकडे. आत घडी घालून ठेवलेले मोजे. डाव्या बुटात घड्याळ. शेजारी कोट, बाह्या दुमडून, वर टोपी. माणूस कुठंच नाही. आजूबाजूला पानं, पाणी आणि बेडूक.

असे बूट म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळकरी पोरालासुद्धा सांगावं लागत नाही. टीव्हीवर पाहिलंय, पेपरात वाचलंय, जीव द्यायला जाणारा आधी पायातलं काढून असं जोडून ठेवतो. चपला घालून कुणी आत जात नाही आमच्याकडे, ना घरात, ना... मी पुढचा विचार केलाच नाही. डोळ्यांपुढे फुमिएसान आली, म्हणाली, अगं, बघत काय बसलीस?

मी उडी मारली.

टोपी, छत्री, पर्स, बाहीवरचा गोळा, सगळ्यासकट. मला पोहता येत नाही हे उडी मारल्यावर आठवलं. पाणी बर्फासारखं. मी जोरात ओरडले, "हाचियासान, थांबा," आणि हात मारत, पाय झाडत, तोंडात पाणी, डोळ्यांत लिली, कुठंतरी एक जाडजूड मासा माझ्या पाठीवरून गेला, मी त्याला धरलं, वाटलं हात सापडला, तो निसटला, मी पुन्हा हाका मारतेय, "कोंडा मी सांभाळणार नाही, सांगून ठेवते, परत घ्या तुमचा कोंडा," आणि असं किती वेळ चाललं देव जाणे. मग कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं,

"होरीबेसान, उभ्या राहा."

मी उभी राहिले. पाणी गुडघ्याच्या जरासं वर.

समोर लव्हाळ्याआडून हाचियासान येत होते, छातीपर्यंतची रबरी पँट घातलेली, एका हातात विळा, दुसऱ्यात सडक्या पानांची जुडी. "तिकडं नका सरकू," म्हणाले, "तिथं देवळवाल्यांनी कालच नवी रोपं लावलीयत." मी खाली बघितलं. रोपं माझ्या दोन्ही पायांखाली होती.

काठावर शंभर फोन. माशाला सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलेलं.

मला बाहेर काढलं, टपरीवर नेलं, त्या बाईनं म्हणजे तामायोसाननी आपला कोरडा किमोनो अंगावर टाकला, गरम चहा दिला, एक शब्द विचारला नाही. फार समजूतदार. मी मात्र तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. साठ-पासष्टची, हात निखाऱ्यानं भाजलेले, डोळे हसरे. आणि त्या घडीच्या खुर्च्यांवरचे तिघे म्हातारे निघाले देवळाच्या समितीचे. तळं सांभाळायला माणूस हवा होता, आधीचा गुडघ्यांमुळे थकला. कुणाला ठेवायचं ते आज ठरणार, म्हणून चाळीस मिनिटांत हाचियासाननी पाण्यात उतरून काम करून दाखवायचं. त्यासाठी कोट, त्यासाठी पॉलिश, त्यासाठी घास जाईना. बिचाऱ्याची चौऱ्याहत्तराव्या वर्षी परीक्षा, आणि त्या परीक्षेत मी लिलीच्या सात रोपांवर नाचलेले.

समितीतला सगळ्यात म्हातारा, भुवया खारीच्या शेपटीसारख्या, माझ्याकडे काठीनं दाखवून म्हणाला, "ही कोण?"

मला वाटलं आता हाचियासान म्हणतील, ओळखत नाही. मी म्हटलं असतं. ते म्हणाले, "माझी शेजारीण."

"पाण्यात का उतरली?"

हाचियासान काठाकडे बघायला लागले. बुटांकडे.  मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं आणि ते माझ्याकडे वळले. "त्या बुटांमुळे?" हळूच म्हणाले. मी चहात बघत मान हलवली. आणि मग त्या माणसानं, रबरी पँटीत, सगळ्यांसमोर, असा खाली वाकून नमस्कार केला की पँटीवरचा चिखल हनुवटीला लागला. "घाबरवलं तुम्हाला. पण ही पँट घालायची तर बूट कुठं काढणार?"  मी म्हटलं, "हवा छान पडलीय."

मग ते पुन्हा पाण्यात उतरले. माझ्या पायाखाली गेलेली रोपं एकेक उचलून, मुळं धुऊन, मोडलेलं देठ नखानं खुडून, पुन्हा चिखलात बसवायला लागले. चटई शिवणाऱ्याचे हात, आठवतायत ना, दाभण ओढून ओढून चिवट झालेले, आणि त्या हातांनी इतकं हलकं की मासे पळेनात, उलट जवळ येऊन बघायला लागले. सहा बसली. सातवं त्यांनी वाचणार नाही म्हणून काठावर ठेवलं, तेही आडवं टाकलं नाही, पानाखाली झाकून ठेवलं. इकडे बसचा भोंगा वाजतोय, फुलं कडेनं मिटायला लागलेली, आणि तिघे म्हातारे एकमेकांकडे बघत नाहीत.  मी म्हणतेय मनात, नाही म्हणाले तर? पेपर बंद केलेल्या, झाड छाटलेल्या त्या घरात हा माणूस माझ्यामुळे परत जाणार?

भुवयांवाला उठला, पाण्याशी गेला, काठीनं सहावं रोप हलवून बघितलं. हललं नाही. म्हणाला, "राहायची खोली टपरीमागे आहे. छत गळतं." आणि निघून गेला. आमच्याकडे हो असंच म्हणतात.

जाताना मी हाचियासानना बाजूला घेतलं. मला काय करायचंय म्हणा, पण माणसानं उडी मारल्यावर एक प्रश्न विचारायचा हक्क तर मिळतो? म्हटलं, "सगळं कळलं. पण फुमिएसानचा कोंडा का दिलात मला?" तर हा माणूस लाल झाला. कानापर्यंत. "तामायोसानकडे तिचा स्वतःचा आहे," म्हणाले. "जेवण तिच्याकडे असणार. एका स्वयंपाकघरात दोन कोंडे नांदत नाहीत." मग म्हणाले, "माणूस वावरतं तिथं चटई झिजते, होरीबेसान. माझ्या खोलीतली दोन वर्षांत झिजलीच नाही. घरात आल्या आल्या ती चटईच पहिली दिसायची रोज."

यावर मी काहीही विचारलं नाही. म्हणजे एवढंच विचारलं, लग्न वगैरे? ते म्हणाले, "छे, आधी छत."

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं माझ्या सीटवर कचऱ्याच्या दोन पिशव्या पसरल्या आणि मला त्यावर बसवलं. गाईड मोजतेय, सत्तावीस, पुन्हा सत्तावीस, रडकुंडीला आली. इवात्सुकीसान म्हणाल्या, "बरोबर आहे, चला. मी आधीच सांगितलं होतं ना, हाचियासान त्या तळ्यापाशीच राहणार, टपरीवाल्या बाईशी लग्न करून."

मी म्हणणार होते, कुठं सांगितलंत, तेवढ्यात तर कचऱ्याची गाडी आली. खांबामागं उभी होते ते कोण कबूल करणार? पण शेवटी मी म्हटलंच, "लग्न नाही. नुसतं जेवण." इवात्सुकीसान म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "विचारलं." सगळी बस वळून माझ्याकडे बघायला लागली. सरळ विचारलं? हो, सरळ विचारलं. पाण्यात उडी मारली त्याचं कुणाला एवढं वाटलं नव्हतं.

अशी गोष्ट. म्हणजे राहिले ते खरं, लग्नाचं खोटं, निदान छत दुरुस्त होईपर्यंत तरी खोटं. घर आता रिकामं आहे. सुरी माझी अजून पाच वाजता थांबते.

गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. सहा रोपं फुलली. आत फोटो होता. तळ्याकाठी समितीनं नवी पाटी लावलीय, पाण्यात उतरू नये, चार भाषांत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र, एक बाई, एक पाय पाण्यात, वरून लाल फुली. पत्रात लिहिलंय, चित्र मीच काढलं, समितीनं काढायलाच लावलं, पण काळजी करू नका होरीबेसान, कुणाला ओळखू येणार नाही असं काढलंय.

मला काय करायचंय म्हणा. मी फोटो टेबलावर ठेवला आणि भात लावायला गेले. तर आमचे हे, तीस वर्षांत मी केस कापले, रंगवले, एकदा तर पुढचा दात बसवला तरी ज्यांना पत्ता लागला नाही ते, रीळ पुसता पुसता, चष्मासुद्धा न लावता, लांबूनच म्हणाले, "हे काय, तुझी पाटी लावली का कुठं?"